अपॉइंटमेंट बुकिंगच्या टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी वेगळं लिहावं लागतं का?

तुमचा प्रश्न असा की बुकिंगचं टूल तयार आहे, एपीआयचं (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशनही आहे, मग एजंटसाठी, म्हणजे पेशंटशी बोलून स्वतःच टूल वापरणाऱ्या एआयसाठी, परत वेगळं कशाला लिहायचं. लिहावं लागतं. मी पुण्यात दवाखान्यांसाठी असंच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या टीममधे आहे आणि आम्ही सुरुवातीला जुनंच पान जसंच्या तसं एजंटला देऊन टाकलं होतं.

डेव्हलपर ते पान एकदा वाचतो, अडलं तर फोन करून विचारतो आणि कोड लिहून मोकळा होतो. एजंट दर वेळी नव्याने वाचतो आणि जिथे काही लिहिलेलं नाही तिथे अंदाजाने भरतो, आणि बरेचदा तो अंदाज बरोबर येतो म्हणूनच चूक उशिरा सापडते.

आमच्या बुकिंग टूलचं वर्णन एका ओळीचं होतं, "नवीन अपॉइंटमेंट तयार करते". एकदा सर्व्हर स्लो होता, टाइमआउट आला (म्हणजे उत्तर वेळेत परत आलं नाही), खरं तर बुकिंग झालं होतं पण एजंटला ते कळलं नाही, त्याने परत तीच वेळ मागितली तर स्लॉट फुल, मग त्याने पुढचा घेतला, तिथेही टाइमआउट, मग त्याच्या पुढचा. एका बाईंना मुलीच्या डोळे तपासणीचे तीन मेसेज गेले, ६ वाजताचा, ६.२० चा आणि ६.४० चा. त्या रिसेप्शनवर मोबाईल पुढे धरून विचारत होत्या की यातला खरा कुठला, आणि रिसेप्शनच्या ताईंनाही सांगता येईना. मला फार वाईट वाटलं, कारण ती चूक माझ्या एका ओळीची होती.

आता तिथे असं लिहिलंय: "हे वापरल्यावर अपॉइंटमेंट लगेच पक्की होते आणि पेशंटला मेसेज जातो. आधी रिकाम्या वेळा बघा, पेशंटला विचारून वेळ नक्की करा, मगच वापरा. टाइमआउट आला तर दुसरी वेळ घेऊ नका, आधी पेशंटच्या अपॉइंटमेंट्स तपासा." शिवाय इडेम्पोटन्सी की घातली, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत आली की सर्व्हर नवीन बुकिंग न करता पहिलंच उत्तर देतो. नुसत्या सूचनेवर विसंबू नका, जे सर्व्हरवर अडवता येतं ते तिथेच अडवा.

सगळ्यात सविस्तर लिहा ते वेळेबद्दल. आपल्याकडे लोक "परवा साडेचारला" म्हणतात, आणि परवा म्हणजे मागचा पण आणि पुढचा पण. साडेचार, दीड, अडीच यांची उदाहरणं वर्णनातच द्या आणि शंका असेल तर तारीख वार सांगून पेशंटला परत विचारा असं स्पष्ट लिहा. फॉरमॅट आयएसओ ८६०१ चा, वर्ष-महिना-दिवस, मग चोवीस तासांची वेळ आणि शेवटी +०५:३० (भारतीय वेळेची खूण). वेळ कायम दवाखान्याच्या गावची धरायची हेही लिहा, कारण न्यू जर्सीतला मुलगा इथल्या आईसाठी बुकिंग करतो तेव्हा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. आणि एक, एजंटला आज कोणता दिवस आहे हे आपोआप माहीत नसतं, म्हणून आम्ही रिकाम्या वेळांच्या उत्तरातच आजची तारीख आणि वार पाठवतो, याने खूप चुका कमी झाल्या.

एरर मेसेजही डॉक्युमेंटेशनच समजा. आधी आमच्याकडे "इनव्हॅलिड स्लॉट" एवढंच यायचं आणि एजंट वेगवेगळ्या वेळा टाकून बघत बसायचा. आता "डॉक्टर संध्याकाळी ५ ते ८.३० असतात, जवळच्या रिकाम्या वेळा ५.०० आणि ५.२०" असं येतं, मग तो तेच पेशंटला सांगतो.

तुम्ही एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मधे आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) वापरत असाल तर त्यात टूल फक्त वाचतं की काही खोडतं अशी खूण देता येते, ती जरूर द्या, कॅन्सलच्या टूलला तर नक्कीच. पण ती फक्त खूण आहे, कोणाची अपॉइंटमेंट कोणी रद्द करायची ते सर्व्हरनेच तपासायचं.

टेस्टिंगसाठी रिसेप्शनवर दोन दिवस बसा आणि लोक जशी बोलतात तशी वाक्यं उतरवून घ्या, "मॅडम आहेत का आज", "तेच मागच्या वेळचं दाखवायचंय", "जरा लवकरची द्या ना". आमच्याकडे अशी चाळीसेक वाक्यं एका फाइलमधे आहेत, वर्णनातला एक शब्द जरी बदलला तरी ती सगळी परत चालवून बघतो.