कोजागिरीला खांदेरी? तिथी चुकली!

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र, सगळे पन्नाशीच्या आसपास. गेल्या हिवाळ्यात मुंबई बंदरात शिडाच्या बोटीचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. आता 24 फुटी बोट भाड्याने घेऊन गेटवेहून खांदेरीला जायचा बेत आहे. दिवस धरलाय कोजागिरीचा. सकाळी निघायचं, दुपारी किल्ला बघायचा आणि रात्री चांदण्यात परतताना बोटीवर मसाला दूध. तयारी काय करावी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मसाला दुधावर माझा जीव जडला, खरंच. पण तुमचा बेत तिथीलाच फसलाय.

खांदेरीसमोरच्या किनाऱ्यावरचं थळ माझं आजोळ. आजा होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. सुट्टीत आम्ही मुलं मुंबईहून पोचलो की पाणी द्यायच्या आधी तो विचारायचा, “आज तिथ कंची?” त्याचं गणित कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरायची वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा-बारा. तिथून सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. छापील तक्त्याशी ताडलं तर थोडा फरक निघतोच, म्हणून निघताना तक्ता खिशात हवा. दिवस ठरवायला मात्र बोटांवरचा हिशेब पुरतो.

आता कोजागिरी मांडून बघा. पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. तुम्ही सातला निघालात की भरतीचं पाणी बंदरात शिरत असतं आणि तुम्ही बाहेर जात असता. बारापर्यंत ते तोंडावर. किल्ला बघून दुपारी परत फिरलात की अंधार पडेपर्यंत ओहोटी, पाणी बाहेर धावतंय, तुम्हाला आत यायचंय. म्हणजे दोन्ही वेळा उलटं. त्यात पौर्णिमेचं उधाण, ओढ सगळ्यात जास्त. शिवाय ऑक्टोबरात हवेचा भरवसा नसतो, दुपारनंतर ढग गडगडून अचानक वावटळ उठू शकते. चांदणं तेवढं तुमच्या बाजूने.

मी सांगते तो दिवस घ्या : माघ शुद्ध अष्टमी, म्हणजे रथसप्तमीचा दुसरा दिवस. नवमीही चालेल. अष्टमीला पहाटे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. उजाडता उजाडता निघालात की ओहोटीचं पाणी तुम्हाला बाहेर नेतं. दुपारी पाणी फिरतं आणि भरती तुम्हाला घरी आणते. भांगाचे दिवस, म्हणजे उधाणाच्या उलट, ओढ मवाळ, चुकलात तरी पाणी फार शिक्षा करत नाही. आणि शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो. उशीर झालाच तर मध्यरात्रीपर्यंत अर्ध्या चंद्राचा उजेड मिळेल. वद्य अष्टमी घेऊ नका, तिचा चंद्र मध्यरात्री उगवतो.

वाऱ्याचंही जमतं. माघात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, पूर्व-ईशान्येकडून. तुम्हाला दक्षिणेला जायचंय, तेव्हा तो बाजूने, थोडा मागून लागतो. शिडाला याहून सोपा वारा नाही. दहाच्या पुढे तो मरतो. तास-दीड तास पाणी तेलासारखं पडून राहतं. तेव्हा इंजिन लावा. शीड शिकलेल्या माणसांना इंजिनाची फार लाज वाटते असं मी पाहिलंय. बंदराच्या मोठ्या जहाजांच्या वाटेवर वाऱ्याविना तरंगत राहण्यात कसलाही पराक्रम नाही. ती वाट काटकोनात ओलांडायची, रेंगाळायचं नाही. तुमच्यासाठी जहाज थांबत नाही, त्याला थांबताही येत नाही.

दुपारी खारा वारा सुटतो, वायव्येकडून. आता घर उत्तरेला, म्हणजे वारा जवळजवळ तोंडावर. कधी डावीकडे कधी उजवीकडे तिरकं जात वर चढावं लागतं. गेटवे ते खांदेरी सरळ रेषेत साधारण 13 सागरी मैल. बोट ताशी 4 मैल धरा (5 धरू नका, चालली तर आनंद माना). जाताना सव्वातीन-साडेतीन तास. येताना मात्र 13 चे 18 होतात, म्हणजे साडेचार ते पाच. सूर्य मावळतो साडेसहाच्या आसपास. म्हणून बेटावरून परत फिरायची वेळ साडेबारा. ती कागदावर लिहून सुकाणूपाशी चिकटवा. खांदेरी अर्ध्या मैलावर दिसतेय आणि साडेबारा वाजलेत, तरी बोट वळवायची. निघण्याआधी चौघांनी हे एकमेकांना तोंडाने सांगा, कारण तिथे पोचल्यावर एकजण हमखास म्हणणार, “आता एवढं आलोच आहोत तर...”

एका वर्षी तो एकजण मीच होते. बेटाआड नांगर टाकून तळलेल्या मांदेलीवर ताव मारला आणि सव्वादोनला निघालो. अंधार पडला तो किनाऱ्यालगतच. किनाऱ्याजवळ कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात. दिवसा त्यांचे बोये दिसतात, रात्री काही नाही. आमची बोट जाळ्यात अडकली ती दीड तास. सुटका केली ती एका तांडेलाने, सुरीने जाळं कापून, आणि कापताना आम्हाला जे ऐकवलं ते मासिकात छापता यायचं नाही. त्याच्या जाळ्याचे पैसे भरून दिले. शिव्या रास्तच होत्या.

बेटाजवळ गेल्यावर पूर्वेच्या अंगाला नांगर टाका, तिकडे आडोसा असतो. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट सोडा. धक्क्याला बोट भिडवू नका. तुम्ही पोचाल तेव्हा ओहोटी असेल, भोवती खडप, म्हणजे पाण्यातले खडक आहेत आणि तुमच्या बोटीचा कणा चार फूट खाली आहे. थळहून येणाऱ्या होडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. तो दोघांना नेईल, दोघे बोटीवर थांबतील, मग अदलाबदल. बेटावर उतरायच्या परवानगीची चौकशीही आठवडाभर आधी करा. शेजारचं उंदेरी बेट आणि थळच्या मधून जवळची वाट वगैरे शोधायची नाही.

उतरलात तर 1867 चं दीपगृह बघाल, भांड्यासारखा वाजणारा खडक वाजवाल. वेताळाच्या देवळात चप्पल काढून जा, ते कोळ्यांचं दैवत आहे. आणि तटावर उभं राहून पाण्याकडे बघा. 1679 साली महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारींच्या हाताखाली इथे तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेट कोंडायचा प्रयत्न केला. त्यांची जहाजं मोठी, वाऱ्यावर अवलंबून. आपल्या होड्या लहान, उथळ पाण्यातून जाणाऱ्या, वारा पडला की वल्ह्यांवर चालणाऱ्या. नागावच्या खाडीतून माणसं आणि सामान येतच राहिलं. 1680 च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. सकाळी दहाला वारा मेला की ही गोष्ट तुम्हाला पुस्तकापेक्षा नीट कळेल.

सामानाचं फार सांगत नाही. लाइफ जॅकेट चौघांनी अंगात घालायचं, उशाला घ्यायचं नाही. माणशी तीन लिटर पाणी. डब्यात पोळी आणि कोरडी भाजी, वडे नकोत. खिशात आलेपाक. व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या, संकटात हाक मारायच्या चॅनेलवर लावलेला. टोपीला दोरी.

आणि हा 13 मैलांचा पल्ला पहिल्यांदाच असेल तर दोन दिवसांत तोडा. पहिल्या दिवशी मांडवा, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी खांदेरी करून पुन्हा मांडवा. खरं तर मला हेच जास्त पसंत आहे. मसाला दूध मांडव्याला, जमिनीवर.

प्रश्न : माझे यजमान आणि त्यांचे तीन मित्र शिडाच्या बोटीने खांदेरीला जाणार आहेत. तुम्हाला त्यांनी लिहिलंच असेल. मी घरी असेन. मला फक्त एवढं सांगा, मी काळजी कितीपासून करायची?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : त्यांच्यापैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही, बघा. त्यांच्याकडून आदल्या रात्री एक कागद लिहून घ्या : चौघांची नावं, बोटीचं नाव, शिडाचा आणि बोटीचा रंग, इंजिन किती ताकदीचं, कोणत्या वाटेने जाणार, बोट ज्यांची त्यांचा फोन. निघताना एक फोन, साडेबाराला परत फिरताना एक. साडेबाराचा आला नाही तर घाबरू नका, समुद्रात रेंज जाते. साडेसहापर्यंत गेटवेला पोचल्याचा फोन यायला हवा. सातला बोटवाल्यांना विचारा. साडेसातपर्यंत पत्ता लागला नाही तर 1554 ला, तटरक्षक दलाला फोन करून कागद वाचून दाखवा. उगाच त्रास दिला असं कोणी म्हणणार नाही. आणि नऊला ते हसत दारात आले, तरी तो फोन केल्याबद्दल त्यांची माफी मागू नका.