प्रोबायोटिक सुरू करतेयस? आधी हे वाच

प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपयोगी जिवंत जिवाणू. ते दह्यातही असतात, म्हणून कॅप्सूल घेण्याआधी ताटातलं दही बघ. रोज एक छोटी वाटी, साखर न घालता, पुरे. सुरुवातीला पोट थोडं फुगू शकतं, म्हणून प्रमाण हळूहळू वाढव. दही उकळत्या भाजीत घातलंस तर त्यातले जिवाणू मरतात. नुसत्या व्हिनेगरमधलं लोणचं आंबवलेलं नसतं, म्हणून त्यातूनही हे जिवाणू मिळत नाहीत.

असेच उपयोगी जिवाणू योनीतही असतात. तिथले लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि नको त्या जंतूंना आळा बसतो. अँटिबायोटिकने हे संतुलन बिघडू शकतं. पण खाल्लेलं दही थेट तिथे पोहोचत नाही, आणि कृपा करून ते आत लावू तर अजिबात नकोस! खाज, वास, वेगळा स्राव असेल तर तपासणीच करून घे. गरोदर असशील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच.