लिव्हरमध्ये हायडॅटिड सिस्ट: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न: डॉक्टर, आईची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केली आणि लिव्हरमध्ये ६ सेंमीची गाठ निघाली, रिपोर्टवर नुसतं 'हायडॅटिड सिस्ट' लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका, दुसरे म्हणतात काही करू नका, बघत राहू. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आलीय. कोणाचं ऐकू?

उत्तर: रिपोर्टमध्ये जे हवं तेच नाहीये हो, गाठीची स्टेज! ही गाठ म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका छोट्या टेपवर्मची, म्हणजे चपट्या जंताची, अळी-अवस्था, आणि डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात तिच्या सीई-१ ते सीई-५ अशा स्टेज आहेत, ट्रीटमेंट त्यावरच ठरते. सोनोग्राफीत आत नुसतं पाणी आणि दुहेरी भिंत दिसली तर सीई-१, आतला पडदा सुटून पाण्यात लोंबताना दिसला तर सीई-३ए, पोटात पिल्लं धरल्यासारख्या छोट्या गाठी असतील तर सीई-२ किंवा सीई-३बी. सीई-४ आणि सीई-५ म्हणजे आतून घट्ट झालेली किंवा भिंतीत कॅल्शियम साचलेली गाठ, ती बहुतेक वेळा निष्क्रिय असते आणि त्रास नसेल तर खरंच नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

६ सेंमीची सीई-१ किंवा ३ए असेल तर सुईने पाणी काढून आत जंतुनाशक द्रव सोडायचा आणि तोही परत काढून घ्यायचा, असा ऑपरेशनशिवायचा मार्ग आहे. पण तो द्रव सोडण्याआधी काढलेल्या पाण्यात पित्त नाही ना हे बघावंच लागतं, कारण गाठ पित्तनलिकेला जोडलेली असली तर त्या द्रवाने नलिका कायमची खराब होते. आणि 'सहज सुई घालून बघू' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, गळती झाली तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि पोटात नव्या गाठी होतात. हे सुईचं काम अल्बेंडाझोल ही जंताची गोळी सुरू करून, अनुभवी टीमकडेच. ही गोळी महिनोन् महिने चालू शकते, तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतली तर जास्त लागू पडते, आणि मध्ये मध्ये लिव्हर आणि रक्तपेशींची तपासणी लागते. सीई-२, ३बी किंवा फुटलेली, इन्फेक्शन झालेली गाठ असेल तर सहसा ऑपरेशन.

टेस्ट निगेटिव्ह म्हणून निश्चिंत होऊ नका, गाठ असूनही ती निगेटिव्ह येते.

आता एक कराच, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रेडिओलॉजिस्टकडून स्टेज, माप आणि लिव्हरचा नेमका भाग लिहून घ्या आणि सोनोग्राफीचे फोटो, नुसता कागद नाही, तारखेनिशी फाइलला लावा. गोळ्या कधी सुरू, कधी बंद तेही लिहा. गोळ्यांनी शांत झालेली गाठ परत जागी होऊ शकते, म्हणून तपासणी किमान ५ वर्षं चालते, आणि जुना फोटो नसेल तर बदल कशाशी ताडणार?

प्रश्न: आईपासून आम्हाला होईल का?

उत्तर: नाही, माणसाकडून माणसाला होत नाही, एका ताटात जेवा. अंडी येतात कुत्र्याच्या विष्ठेतून. घरात कुत्रा असेल तर व्हेटकडून त्याला प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या, कच्चं लिव्हर-फुप्फुस खाऊ घालू नका. तुम्ही सगळे त्याच घरात वाढलात, म्हणून एकदा प्रत्येकाची सोनोग्राफी करून घ्या.