इलेक्ट्रॉन मोजले तर काय बिघडलं?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पुस्तकात लिहिलंय की अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सारखेच असतात. मग अणुअंक, म्हणजे मूलद्रव्याचा नंबर, प्रोटॉनवरूनच का ठरवतात, असं ती विचारते. मला काही सांगता येईना. (एक पालक, डिचोली)

उत्तर : पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय. नुसता सुटा, चार्ज नसलेला अणू असेल तर खरंच काही बिघडत नाही, सोडियमचे प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉनपण ११, कसेही मोजा. गडबड होते ती अणू दुसऱ्याशी जोडला गेला की. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठच घ्या ना, त्यात सोडियमने एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो, म्हणजे सोडियमकडे राहिले १० आणि क्लोरीनचे १७ चे झाले १८. आता इलेक्ट्रॉन मोजून नाव द्यायचं तर सोडियमला निऑन म्हणायचं आणि क्लोरीनला अरगॉन! हे दोघं तर निष्क्रिय वायू, सहसा कुणाशी जोडलेच जात नाहीत, त्यांचं मीठ कुठून होणार?

तुमच्या डिचोलीच्या खाणीतल्या हेमटाईटचं, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच्या खनिजाचं, तसंच. लोखंडाचा अणुअंक २६, पण हेमटाईटमध्ये प्रत्येक लोखंडाचे तीन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे गेले असं धरतात, उरले २३, आणि २३ नंबर व्हॅनेडियमचा. तरी ते खनिज भट्टीत घातलं की बाहेर लोखंडच येतं, कारण रासायनिक क्रियेत सगळी देवघेव बाहेरच्या इलेक्ट्रॉनची चालते, केंद्रकातले, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्यातले, २६ प्रोटॉन जागचे हलत नाहीत.

पूर्वी मूलद्रव्यं वजनाने लावायचे, त्यात पण घोळ होताच. अरगॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी गुणधर्म बघता त्याला आधी बसवावं लागायचं. १९१३ साली हेन्री मोस्ली या इंग्लंडच्या तरुण पोराने वेगवेगळ्या मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले, तर त्यांची वारंवारिता केंद्रकावरच्या धन चार्जप्रमाणे पायरीपायरीने वाढत जाते असं दिसलं, आणि क्रमाचा आकडा नुसता रांगेतला नंबर राहिला नाही, तो केंद्रकावरच्या धन चार्जचा, म्हणजे प्रोटॉनचा, आकडा ठरला. पुढे दोनच वर्षांत तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय फक्त २७. फार वाईट वाटतं हो वाचताना.

बाकी पेपरात आयनचे, म्हणजे चार्ज आलेल्या अणूचे, इलेक्ट्रॉन विचारले तर सोपं आहे, जेवढे प्लस तेवढे अणुअंकातून वजा करायचे, मायनस असतील तर मिळवायचे. मॅग्नेशियम १२, दोन प्लस असले की इलेक्ट्रॉन १०. अणुअंक मात्र १२ च लिहायला सांगा, पोरं नेमकी तिथेच मार्क घालवतात.