बर्फात बी मरत कसं नाही?

प्रश्न : माझा भाचा फौजेत आहे, सध्या लडाखला पोस्टिंग. सुट्टीला आला तेव्हा तिथल्या जर्दाळूच्या बिया घेऊन आला. मी पावसाळ्यात कुंडीत लावल्या, चार महिने झाले, एकपण उगवली नाही. तो म्हणतो तिकडं हिवाळ्यात उणे २० च्या पण खाली जातं. मग तिथल्या बर्फात बिया जगतात आणि आमच्याकडं एवढी चांगली हवा असून का उगवत नाहीत?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, बिया खराब असतील असं लगेच समजू नका, त्यांना अजून हिवाळाच मिळालेला नाही.

आधी बर्फाचं बघू. थंडीत जीव जातो तो आतल्या पाण्यामुळं. पाणी गोठलं की फुगतं, त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला ज्या पहाटे हिमकण पडतात तेव्हा स्ट्रॉबेरीची फुलं काळी पडतात ती यामुळंच. पण वाळलेल्या बियात गोठायला पाणीच कुठं असतं? हुरड्याचा दाणा नखानं दाबला की दूध येतं, तोच दाणा कणसावर पूर्ण वाळला की दाताखाली कट्ट वाजतो. बी पिकताना झाड त्यातलं पाणी काढून घेतं, १० टक्क्यांच्या आसपास उरतं, आणि पाण्याच्या जागी साखरा आणि खास प्रथिनं पेशींना धरून ठेवतात, आतला रस काचेसारखा घट्ट होतो. मग उणे २० काय आणि उणे ४० काय.

घरी करून बघा, मी केलंय. मूठभर कोरडी मटकी आणि मूठभर रात्रभर भिजवलेली मटकी, दोन्ही एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, मग कापडात बांधली. कोरडीला छान मोड आले, भिजवलेली नुसती लिबलिबीत झाली आणि वास यायला लागला. याच गुणावर बियाणं बँका चालतात, नॉर्वेतल्या स्वालबार्डला २००८ पासून जगभरातलं बियाणं उणे १८ ला ठेवतात, आणि तुमचा भाचा आहे त्या लडाखमध्येच चांग ला खिंडीत आपल्या देशाची पण अशी बँक आहे. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी मात्र तिथं चालत नाही, ती वाळवली तरी मरते आणि गोठवली तरी मरते.

आता तुम्ही म्हणाल, डोंगरात बी ओलं पण होतंच की. होतं, पण वर बर्फाचा जाड थर असतो, त्यात हवा अडकलेली असते, म्हणजे गोधडीच. बाहेर उणे २० असलं तरी जाड बर्फाखाली जमिनीलगत शून्याच्या आसपासच राहतं.

आणि तुमच्या कुंडीतली गोष्ट इथंच आहे. जर्दाळूचं बी जर पडल्या पडल्या उगवलं तर कोवळं रोप पहिल्याच थंडीत जाणार. म्हणून बियात उगवण रोखणारं एक संप्रेरक असतं, आणि ओल्या थंडीत दोन-तीन महिने काढले की त्याचा जोर ओसरतो. कोरेगावच्या पावसाळ्यात ती थंडी कुठून येणार?

तर असं करा. कुंडीतलं एक बी उकरून फोडा, आतला गर पांढरा आणि टणक असेल तर बाकीच्या बिया पण काढून घ्या, तपकिरी लिबलिबीत असेल तर त्या गेल्या, घरात उरलेल्या असतील त्या वापरा. कवच अलगद फोडून आतलं बी जेमतेम ओल्या वाळूत घालून पिशवीत ठेवा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये अजिबात नाही, कारण आता ते ओलं आहे, मटकीचं काय झालं ते सांगितलंच. बुरशी दिसली तर धुवून वाळू बदला. आत्ता ठेवलंत तर फेब्रुवारीच्या सुमारास मूळ डोकावेल, तेव्हा कुंडीत लावा. फळाची आशा मात्र धरू नका, झाडाला पण दरवर्षी लांब थंडी लागते आणि ती तुमच्याकडं पडत नाही. आणि हो, फोडताना गर कडू लागला तर पोरांना खाऊ देऊ नका, कडू जर्दाळूच्या गरातून पोटात सायनाइड तयार होतं.