मधला आवाज उजवीकडून येतोय? आधी चॅनेलचा क्रम तपासा

"टीव्हीवर ठीक वाटतं, पण होम थिएटरला लावलं की बुवांचं निरूपण उजव्या स्पीकरमधून येतं आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातून नुसती घुमघुम", हे तुमच्या निरूपणाच्या डीव्हीडीबद्दलच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. माझ्या डिस्कचं अगदी हेच झालं होतं.

मी साउंड इंजिनिअर नाही, जे भोगलं तेवढंच सांगते.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार रेकॉर्ड केला होता. संवाद मधल्या चॅनेलला, प्रेक्षकांचा गलका मागच्या दोन्हींना, पखवाजाची थाप थोडी सबवूफरला. सहा मोनो फाइल्स (प्रत्येकीत एकच चॅनेल) मी डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, सबवूफर अशा लावल्या. सिनेमाच्या मिक्सिंगमध्ये हाच क्रम वापरतात, असं वाचलं होतं. पण सहा चॅनेलच्या वेव्ह फाइलचा क्रम असतो डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. एन्कोडर, म्हणजे डिस्कसाठी आवाज दाबून देणारा प्रोग्रॅम, तोच धरून चालला. मग संवाद गेले उजवीकडे, हार्मोनियमची उजवी बाजू मध्ये, सबवूफरची थाप मागच्या उजव्यात आणि मागच्या डाव्या बाजूचा गलका सबवूफरमध्ये. एकही एरर आली नाही.

कॉप्या काढायच्या आधी मास्टर एका ठिकाणी तपासायला दिली, वेगळे पैसे मोजून. त्यांनी ती साध्या टीव्हीला लावली आणि "आवाज येतोय, ओके" म्हणून परत केली. सहा स्पीकरवर ऐकलंत का, असं मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं, "फाइल तुमची, जबाबदारी तुमची." टीव्हीवर चूक कळणार तरी कशी? प्लेअर सहाचे दोन चॅनेल करतो, त्यात सबवूफरचा चॅनेल बहुतेक वेळा गाळला जातो, आणि टीव्हीचे दोन स्पीकर हातभर अंतरावर असतात. त्या "ओके"वर विसंबून मी 40 डिस्क बर्न करून नातेवाइकांना आणि मंडळातल्या जुन्या नटांना पोस्टाने पाठवल्या. तपासणीचे पैसे घेऊन न तपासणं ही फसवणूकच आहे, आजही माझं हेच मत आहे.

तेव्हापासून मी आधी एक चाचणी करते. प्रत्येक चॅनेलमध्ये त्याचंच नाव बोलून ठेवायचं: "डावा", "मधला", "मागचा उजवा". ती अर्ध्या मिनिटाची फाइल एन्कोड करून आरडब्ल्यू (पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या) डिस्कवर टाकायची आणि कुणाच्या तरी खऱ्या 5.1 सेटवर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ऐकायची. सबवूफरमधलं बोलणं नीट कळणार नाही, तिथे 60 हर्ट्झचा सूर ठेवा.

तुम्हाला निरूपणावर आजोबांचं भाष्यही हवंय, म्हणून सांगते: प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो. भाष्याच्या ट्रॅकमध्ये मूळ आवाज 12-15 डेसिबल खाली घेऊन मिसळावाच लागतो, नाहीतर आजोबा मुक्या चित्रावर बोलताना दिसतील. माझ्या काकांच्या भाष्यात मी पदांच्या वेळी मूळ आवाज पुन्हा वर आणला, ते फार छान झालं. सगळ्या ट्रॅकचं डायलॉग नॉर्मलायझेशन, म्हणजे प्लेअरने आवाज किती खाली घ्यायचा ते सांगणारा आकडा, सारखं ठेवा. एकाचं -31 आणि दुसऱ्याचं -27 असेल, तर ट्रॅक बदलताच आवाज 4 डेसिबलने हलतो.

पहिला ट्रॅक स्टीरिओच ठेवा. यावर कुणाचं मत वेगळं असू शकतं, पण गावाकडे किती घरांत सहा स्पीकर आहेत? मी एसी-3 मध्ये (डीव्हीडीवरचा दाबलेला आवाज) 5.1 ला सेकंदाला 448 आणि मूळ व भाष्य या दोन्ही स्टीरिओंना 192 किलोबिट देते. दोन तासांना तिन्ही ट्रॅक मिळून साधारण 750 एमबी होतात. एकच स्टीरिओ पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला, तर तो एकटाच 1.4 जीबीच्या आसपास जागा खातो आणि तेवढी चित्राची जागा जाते.

तुमच्या सहा मोनो फाइल्स अजून असतील, तर मिक्सला हात लावू नका. क्रम बदलून फक्त 5.1 चा ट्रॅक पुन्हा एन्कोड करा आणि ऑथरिंगमध्ये (चित्र, आवाज जोडून डिस्क तयार करताना) जुन्याच्या जागी ठेवा. व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागत नाही. आणि मोनो फाइल्स पुसल्या असतील तरी घाबरू नका. एसी-3 फाइल उलगडून चॅनेल परत जागेवर लावता येतात. फक्त सबवूफरमध्ये गेलेला मागचा डावा तेवढा तपासून बघा. काही एन्कोडर सबवूफरच्या चॅनेलमधले 120 हर्ट्झच्या वरचे सूर कापतात. माझा तोच चॅनेल गेला होता.