"शेवटी ऑर्केस्ट्रातच ना?"

आषाढ लागला की माझ्याकडे वाजवणारे यायला लागतात. लग्नं थांबलेली, गणपतीच्या तारखा अजून पक्क्या नाहीत, वही कोरी, आणि दुपारी घरात बसलं की डोक्यात नको ते सुरू होतं. मी समुपदेशन करते; सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत आजवर तबलजी आले, पेटीवाले आले, एक बासरीवाला आला, एका पखवाजियाची आई आली. प्रश्न तोच. "इतकी वर्षं शास्त्रीय शिकलो, आणि शेवटी ऑर्केस्ट्रातच ना?" आईच्या तोंडी तो असा होता: "पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, आणि हा लग्नात वाजवतोय."

यातल्या "शेवटी" या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. त्यासाठी एकाच माणसाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी चार-दोन संवादांत कोंबल्या आहेत. नाव नको. आपण त्यांना व्हायोलिनवाले म्हणू.

व्हायोलिनवाले मिरजेचे, वय सदतीस. संगीतातली 'अलंकार' ही वरची परीक्षा झालेले, आकाशवाणीच्या कलाकारांतली बी-हाय श्रेणी. घरी क्लास, बाहेर हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, अधूनमधून नाट्यसंगीताला साथ. बायको एका दवाखान्यात लॅबमध्ये. पहिल्या दिवशी भर पावसात व्हायोलिनची पेटी रेनकोटच्या आत धरून आले. स्वतः भिजले होते, पेटी कोरडी होती. म्हटलं, घरी ठेवायची होती की. "ओल लागली की आवाज बसतोय मॅडम. घरी पोरं हात लावत्यात," म्हणाले आणि ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली. पुढच्या सगळ्या भेटींत ती खुर्ची पेटीचीच राहिली.

तक्रार पैशाची होती. एका कार्यक्रमाचं पाकीट दोन हजार, हंगामात महिन्याला दहा-बारा तारखा, पावसाळ्यात एखाद-दुसरी. क्लासचे येतील तेवढे. आकाशवाणीचं बोलावणं वर्षातून मोजक्या वेळा. घराचा हप्ता. दोन भेटी आम्ही नुसता हिशोब केला. ओढाताण होती, नाही असं नाही. पण बावीस वर्षं माणसं बघितल्यावर एक गोष्ट कळायला लागते. पैशाची काळजी असलेला माणूस आकडे सांगताना पुढे सरकतो. व्हायोलिनवाले आकडे सांगताना खिडकीबाहेर बघत होते.

(बोलताना एकदा डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाले, आणि मी हिशोब तिथंच थांबवून त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ड्रम-पॅडच्या आणि मॉनिटरच्या, म्हणजे स्टेजवर वादकांसाठी ठेवलेल्या स्पीकरच्या, शेजारी वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या सगळ्यांना सांगते, मनाचं नंतर बघू, कान आधी तपासा.)

तिसऱ्या की चौथ्या भेटीत विचारलं, "रियाज?"

"बंद आहे."

"वेळ मिळत नाही?"

"वेळ रगड आहे. तारा लावायचा कंटाळा."

मला कळलं नाही. मग त्यांनी पेटी उघडून समजावलं. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचं बूड छातीशी, डोकं उजव्या घोट्यावर टेकवलेलं, म्हणजे डावा हात मोकळा राहतो आणि मींड काढायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायला, सबंध तार मिळते. तारा लावायच्या प-सा-प-सा. ऑर्केस्ट्रात उभं राहायचं, वाद्य हनुवटीखाली. तिथं दर गाण्याला पट्टी बदलते म्हणून तारा पाश्चात्त्य पद्धतीच्या, जी-डी-ए-ई. "आठवड्यात चार वेळा चढवायच्या, चार वेळा उतरवायच्या. मग एक दिवस म्हटलं, राहू दे अशाच."

"अशाच म्हणजे ऑर्केस्ट्राच्या."

"हां."

"हे कधीपासून?"

बराच वेळ त्यांनी गजाचा स्क्रू उगीच पिळला, सोडला. "तासगावच्या लग्नापासून."

तासगावला स्वागत समारंभात कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं, मॉनिटरमधून व्हायोलिन ऐकू येतंय ते आपलं नाही. कीबोर्डवाल्यानं स्ट्रिंग्ज, म्हणजे कीबोर्डमधला व्हायोलिनांचा आवाज, लावले होते आणि यांचा माईक साउंडवाल्यानं बंद ठेवला होता. मध्यंतरात विचारलं तर ऑर्केस्ट्राचे मालक अगदी मोकळेपणानं म्हणाले, "तू नुसता उभा राहा रे. स्टेजवर व्हायोलिन लई भारी दिसतंय." पाकीट पूर्ण मिळालं. कुणी भांडलं नाही. ही गोष्ट त्यांनी आठ महिने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेनं जाणारी आहे. आम्हाला माणसाच्या बोलण्यातला 'च' लगेच ऐकू येतो. शिकलोय तर मान मिळालाच पाहिजे, मिळाला नाही तर सगळं फुकटच गेलं. तो 'च' मी त्या दिवशी तिथल्या तिथं पकडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. माझं म्हणणं चूक नव्हतं. पण व्हायोलिनवाल्यांनी ते ऐकलं कसं, तर बेसूर गायकाला साथ करताना वादक जसा नम्रपणे मान हलवतो तसं. पुढची भेट त्यांनी रद्द केली. घाई माझी झाली होती.

ते परत आले तेव्हा मी काही समजावायच्या भानगडीत पडले नाही. नुसतं विचारलं, "माईक बंद आहे कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वाजवलं."

"कसं?"

"दोन गाणी नुसता गज फिरवला. मग यमनमधलं एक गाणं आलं. ऐकायला तर कुणालाच जात नव्हतं. म्हटलं, मग आपलंच वाजवू. दोन कडव्यांच्या मध्ये त्यांचा ठरलेला तुकडा सोडला आणि माझा यमन वाजवला. एका जागी हळूच शुद्ध मध्यम पण लावून बघितला. यमनात तो नसतो."

"सुरात होतं?"

माणूस एकदम चिडला. "म्हणजे काय मॅडम? सुरातच होतं!"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढला होता. हा 'च' मात्र मी मोडायला गेले नाही. म्हटलं, "माईक तर बंद. मग सुरात होतं हे कुणी ठरवलं?"

"मी."

मी थांबले. खाली रस्त्यावर भडंगवाल्याचा भोंगा गेला. ते पेटीकडे बघत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मीच की ओ." आणि हसले. "चांगला लागला होता तो मध्यम. आठ महिन्यांत आठवलाच नाही. माईकचंच घेऊन बसलो."

माझ्या कामात असे क्षण वर्षातून दोन-तीनदा येतात आणि त्यावर मी उरलेलं वर्ष काढते, हे मी लपवत नाही. त्या संध्याकाळी मला जे दिसलं ते मी पुढे कितीतरी वादकांबरोबर वापरलं. "शेवटी" या शब्दात दोन प्रश्नांची गाठ बसलेली असते. माझं वाजवणं कसं आहे, हा एक. त्याचे पैसे कोण देतो, कुठं देतो, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला चिकटवलं की साउंडवाल्याच्या हातातलं बटण रियाज बंद पाडू शकतं. इथं तेच झालं होतं.

अर्थात ते साधे नव्हते. पुढच्याच भेटीत म्हणाले, "मध्यम ठीक आहे मॅडम. त्यानं हप्ता भरत नाही."

खरं आहे. म्हणून आता थोडं व्यवहाराचं.

पालकांच्या डोळ्यांपुढे कुठंतरी एक पगाराची, निवृत्तिवेतनाची, फक्त शास्त्रीय वाजवायची नोकरी असते आणि आपला मुलगा ती चुकवून लग्नात गेला असं त्यांना वाटतं. ती नोकरी फार थोड्या जणांना मिळाली. आकाशवाणीनं 1952 साली दिल्लीत वाद्यवृंद उभा केला, पंडित रविशंकर त्याचे संचालक होते, पण तिथं जागा त्या किती? मुंबईत 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तो पाश्चात्त्य संगीताचा, आणि त्यातही बरेच वादक परदेशातून आले. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला एकेकाळी व्हायोलिनांच्या रांगा बसायच्या. सिंथेसायझर आला आणि रांगाच गेल्या. तासगावच्या मांडवात जे झालं ते मुंबईच्या स्टुडिओंत आधीच होऊन गेलं होतं. व्हायोलिनवाल्यांना हे सांगितल्यावर बरं वाटलं, कारण तोवर ते हा एकट्याचा पराभव समजत होते.

आणि ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांची पोटं कशी भरली? बालगंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला कोण होते, तर अहमदजान थिरकवा. सारंगीला कादरबक्ष. थिरकवाखाँसाहेब कितीतरी वर्षं नाटकाच्या पदांना ठेका धरत होते. पुढे रामपूरचा दरबार झाला, लखनौला शिकवणं झालं, 1970 साली पद्मभूषण मिळालं. नाटक कंपनी, दरबार, शाळा. मी हे सांगितलं तेव्हा व्हायोलिनवाले म्हणाले, "पण ते थिरकवा होते." म्हटलं, मंडळीत रोज रात्री ठेका धरताना त्यांना पद्मभूषण मिळणार हे कुठं माहीत होतं?

मग वही काढली. बारा महिन्यांची एकत्र. पावसाळ्याचे चार महिने भिकार जाणार हे दरवर्षी ठरलेलं असून दरवर्षी त्याचा धक्का कशाला? दिवाळी पहाट आणि लग्नसराईतल्या पाकिटांतून हप्त्याचे पैसे आधीच बाजूला. तारीख घेताना निम्मे आगाऊ. कॅटरर घेतो, मांडववाला घेतो, वादकालाच लाज. कोरे दिवस क्लासच्या मोठ्या मुलांना. हे काही मानसशास्त्र नाही, पण डोकं शांत ठेवायला याचा उपयोग माझ्या प्रश्नांपेक्षा जास्त होतो, असं मला कित्येकदा वाटतं.

मालकांशीही ते बोलले. आम्ही खोलीत चार वेळा तालीम केली होती. "माईक बंद ठेवणार असाल तर मी येणार नाही. चार गाणी ठरवू, त्यात व्हायोलिन माझंच." मालक दोन गाण्यांवर आले. दुसऱ्या एका ऑर्केस्ट्रानं त्यांना बोलवायचंच सोडलं. तो महिना वाईट गेला आणि त्या महिन्यात ते माझ्यावर नाराजही होते.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवता हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. दर वेळी तुम्हीच विषय बदलता." हे मी सांगून पटलं नसतं.

आणि एक दुसरं व्हायोलिन आलं. जुनं, स्वस्त, एका विद्यार्थ्याकडून घेतलेलं. ते कायम जी-डी-ए-ई, ऑर्केस्ट्राचं. आधीचं घरी, प-सा-प-सा. ही कल्पना त्यांची. माझ्या डोक्यात आलीच नसती. मी त्यांच्या मनाच्या तारांवर काम करत बसले होते.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-वाजवणं चालतं. कलाकार तिथं हजेरी लावतात, पाकिटाचा प्रश्नच नसतो. व्हायोलिनवाले घरापासून चालत जायच्या अंतरावर असून बरीच वर्षं तिकडे फिरकले नव्हते. कुणीतरी 'ऑर्केस्ट्रावाले आले' म्हणेल, ही भीती. त्या वर्षी गेले. पहाटे तीनच्या सुमाराला वीस मिनिटं मिळाली. समोर मोजकी माणसं, त्यातली दोन झोपलेली.

सकाळी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "माईक चालू होता का?"

"चालू होता की. सारखा शिट्टी मारत होता," ते म्हणाले. "शेवटी मीच बाजूला सारला."